दुसरी लाल खूण

१९७१ सालची गोष्ट. आमच्या बायकांच्या वॉर्डात ऑपरेशनआधी एक कागद भरावा लागे. वजन, साखर, तंबाखू. जखम बिघडवणारं जे असेल त्यापुढे लाल खूण. दोन खुणा दिसल्या की सर्जन पोटाला जाड आधाराचे टाके घालत आणि तीन आठवडे ठेवत. एकच असली तर साधे टाके, आठव्या दिवशी काढायचे. पेशंटशी ते फारसं बोलत नसत, कागद वाचत. कागद भरायची मी, वॉर्डातली नर्स.

त्या वर्षी माझी थोरली जाऊ गर्भाशयाचा कर्करोग घेऊन माझ्याच वॉर्डात आली. सोबत सासूबाई.

जाऊबाई अंगाने भरलेल्या. काट्यावर चढल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जपून गं, सरकारी काटा आहे, मोडेल."

"मोडला तर तुम्हाला तोलायचं राहून जाईल," जाऊबाई म्हणाल्या.

वजनापुढे मी लाल खूण केली. साखर ठीक होती. राहिला तंबाखू.

घरी रोज दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की आम्ही दोघी धुण्याच्या खोलीमागे सिगारेटी ओढत असू. पाकीट मी आणायची. सहा वर्षांत त्यांची सवय माझ्या तिप्पट झाली होती. तिथला ओल्या साबणाचा वास आणि त्यांच्या नकला अजून आठवतात. तेवढं सुख मला त्या घरात दुसरं नव्हतं.

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सासूबाई शेजारी कान देऊन बसलेल्या. त्यांना बाहेर पाठवायला हवं होतं. पण सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी माझी नोकरी सोडवली असती. मी "नाही" लिहिलं.

गाठ सगळी निघाली. पुढचे सात दिवस खरं सांगायला माझ्याकडे होते. आठव्या दिवशी टाके मीच काढले.

"चला, ही घरी निघाली, आता खाटेचं आयुष्य वाढलं," सासूबाई म्हणाल्या. जाऊबाई हसल्या. हसता हसता खोकल्या, तोच धुण्याच्या खोलीमागचा खोकला. मग त्यांनी पोट धरलं.

"धाकटे, काहीतरी ओलं लागतंय गं."

चादर उचलली तर जखम वरपासून खालपर्यंत उसवली होती.

सर्जननी कागद पुन्हा वाचला. "एकच खूण. मग असं कसं झालं?"

"खायची किती ती," सासूबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. गाठीने नाही, जखमेने त्या एकोणिसाव्या दिवशी गेल्या.

वर्षाच्या आत भावजींचं दुसरं लग्न झालं. मुलगी सासूबाईंनी निवडली, काडीसारखी. सर्जन निवृत्त होताना माझ्या नीटनेटक्या कागदांचं कौतुक करून गेले. मी मेट्रन झाले. तंबाखूचं विचारण्याआधी नातेवाइकांना बाहेर काढायचं, हे नव्या मुलींना मी शिकवलं. का, ते नाही सांगितलं.

सासूबाई नव्वदी गाठून गेल्या. शेवटी पाठीला जखमा झाल्या होत्या, पट्टी मीच बदलायची. एकदा म्हणाल्या, "धुण्याच्या खोलीमागे तुम्ही दोघी काय करायचात, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तोंडाला वास यायचा तुमच्या."

माझा हात थांबला. "मग त्या दिवशी कागद भरताना बोलला का नाहीत?"

"नर्स तू होतीस," त्या म्हणाल्या. "जरा हलक्या हाताने कर."