काळा स्पंज आणि शिळं पाणी

मित्रांनो, माझं रूप सांगायला गेलो तर तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी एक जुना, काळपट, बुळबुळीत स्पंज आहे. धुळ्यातल्या एका घरात, पुढच्या खोलीत, माशांची काचेची पेटी आहे. तिच्या कोपऱ्यात माझा मुक्काम. पाहुणे येतात, पिवळेधमक मासे बघून वाहवा करतात आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, "हे काय घाणेरडं ठेवलंय?" चालायचंच! काम आमचं आणि कौतुक शेपट्यांचं.

कारखान्यात मला कापून काढलं तेव्हा मी कोरा करकरीत होतो. माझा एक जुळा भाऊही होता. आम्हा दोघांना एका नळीच्या दोन बाजूंना बसवलं. पेटीबाहेरचा छोटा पंप नळीत हवा सोडतो, बुडबुडे वर पळतात आणि त्यांच्यामागे पाणी आमच्या अंगातून ओढलं जातं. कचरा आमच्यापाशी अडकतो. मला वाटलं, झालं, आपण म्हणजे चहाची गाळणी.

पण थोड्याच दिवसांत माझ्या अंगात गुदगुल्या व्हायला लागल्या. अरेच्चा! माझ्या भोकाभोकांत कुणीतरी बिऱ्हाड मांडलं होतं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक जीव. मासे पाण्यात घाण करतात आणि त्या घाणीचं विष होतं. माझे हे बिऱ्हाडकरू ते विष खाऊन टाकत आणि पुन्हा जेवायला तयार! पाणी वाहतं राहिलं की ते जगत, ते जगले की मासे जगत. मी काळा पडत गेलो तसं पाणी निवळत गेलं. याचं मला अजून नवल वाटतं.

पेटी समीक्षाची. आठवीतली पोर, चौकस इतकी की काचेला नाक लावून माझ्याकडेही बघत बसायची. पाण्याचं तंत्र तिला मासेवाल्या रुपचंदभाऊंनी शिकवलं होतं.

"ताई, हे सिक्लिड मासे. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यातलं घराणं. आपल्याकडच्या ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ना, ते जड पाणी यांना मानवतं. फक्त एक कर. पाणी एकदम बदलू नको. आठवड्याला थोडं काढायचं, थोडं घालायचं. आणि घालशील ते बादलीत दोन दिवस ठेवलेलं, शिळं. नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते उडून जाऊ दे."

आता गंमत ऐका. या घरात 'शिळं' हा शब्द म्हणजे शिवी! आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, बऱ्याच दिवसांआड येतो. तो आला की गल्लीत लगीनघाई. हंडे, कळशा, पिंपं, सगळ्यांतलं जुनं पाणी गटारीत, भांडी घासून लख्ख आणि मग ताजं पाणी भरायचं. या फौजेची सेनापती म्हणजे समीक्षाची आजी, आक्काबाई. तिच्या धाकातून सुटलेला माणूस एकच, समोरच्या घरातले लोटन आबा. त्यांनी आपलं पिंप कधी घासलं नाही. "आबाना पिंपमा बेडूक नांदस," असं आक्काबाई दारात उभी राहून आपल्या अहिराणीत म्हणायची आणि आबा खुशाल हसायचे.

एकदा काय झालं, पेटीतल्या एका मादीनं खाणं सोडलं. दाणे समोरून तरंगत जायचे, ती तोंड मिटून माझ्याशेजारी उभी. हनुवटी सुजल्यासारखी दिसत होती. समीक्षाचा जीव टांगणीला लागला. नेमकं तिला शाळेच्या कबड्डी संघाबरोबर पारोळ्याला जायचं होतं. "आजी, तिच्यावर लक्ष ठेव," एवढं सांगून ती गेली.

आणि दुसऱ्या दिवशी नळ आला.

आक्काबाईनं सगळी भांडी भरली आणि पेटीपुढे येऊन कमरेवर हात ठेवले. "मासा खात नही म्हंजे पानीच शियं व्हई जायेल शे," ती म्हणाली. तिच्या बोलीत शिळं म्हणजे शियं. "थांब माय, तुले ताजं पानी देस."

मित्रांनो, तिच्या मनात काडीचंही वाईट नव्हतं. पण मला ओरडता येत नाही ना! पंप बंद झाला. पाणी उपसून गटारीत गेलं, मासे बोटभर पाण्यात तडफडू लागले. माझ्या भावाला तिनं नळाखाली धरलं आणि घासणीनं असा रगडला की तो पांढराफटक झाला. त्याचे सगळे बिऱ्हाडकरू वाहून गेले. मग तिनं मला उचललं. मी आशा सोडली. इतक्यात नळ फुसफुसला आणि गेला! "मरू दे," म्हणत तिनं मला तसाच काळा परत बसवला.

ताज्या पाण्यानं पेटी भरली. पाणी काचेसारखं दिसत होतं, पण औषधाच्या वासानं माझेही बिऱ्हाडकरू गुदमरू लागले. मासे वर येऊन तोंडं वासून धापा टाकू लागले. सगळे मासे, ती मादी सोडून. तिचे कल्ले भाता हलावा तसे हलत होते, ती एका अंगावर कलत होती, पण तोंड काही उघडेना. अगं, मरशील ना, घे श्वास! मला काही उमगेना. आक्काबाई घाबरली आणि बिचारीनं आणखी एक कळशी ताजं पाणी ओतलं.

त्याच वेळी समीक्षा दारात आली. पाठीवरची पिशवी तिथंच पडली.

"आजी, काय केलंस गं हे? बादलीतलं शिळं पाणी कुठंय?"

"शियं? सांडी दिधं. बठ्ठा घरमा ताजं शे."

"गल्लीत कुणाकडे असेल?"

कुणाकडे असणार? साऱ्या गल्लीनं भांडी घासली होती. समीक्षा रडायला लागली. आक्काबाईनं पदर खोचला, कळशी घेतली आणि तडक समोर गेली. तिथलं बोलणं मला खिडकीतून ऐकू आलं.

"आबा, तुना पिंपनं पानी दे."

"आक्का, आज सूर्य कोनीकडे उगना? मना घरनं पानी तुले चाली?"

"हसू नको रे आबा. आते शियंच पानी जोयजे. ती मरी जाई!"

आबांचं हसणं थांबलं. ते स्वतः बादली घेऊन धावले. पेटीतलं औषधाचं पाणी बरंचसं काढून त्यांचं पाणी सावकाश ओतलं आणि समीक्षानं पंप लावला. बुडबुडे उठले, माझ्या अंगातून पाणी वाहू लागलं आणि उरलेसुरले बिऱ्हाडकरू कामाला लागले. आबांच्या पाण्यातून डासांच्या अळ्याही आल्या होत्या. माशांना हुशारी आली तशी त्यांची मेजवानीच झाली! पण त्या मादीनं नाकापुढची वळवळती अळीसुद्धा घेतली नाही.

आक्काबाई काचेशी वाकली. बघता बघता मादीनं ओठ किंचित विलग केले आणि लगेच मिटले.

"समी, देख वं! तिना तोंडमा डोया शेतस! बारीक बारीक डोया!"

तोंडात डोळे? पिल्लं! ती आजारी नव्हतीच. तोंडात पिल्लं धरून उपाशी होती. मरायची पाळी आली तरी तोंड का उघडलं नाही, ते आता मला कळलं.

आक्काबाई खालीच बसली. "प्रशीलले झोयीमा बांधीसन मी वावरमा निंदाले जाऊ," ती समीक्षाच्या बापाचं, म्हणजे आपल्या लेकाचं नाव घेऊन म्हणाली. "सोताले खावानी याद ऱ्हाये नही. आनि आज मी हाई मायलेच माराले निंघनू." पदर डोळ्यांना लावून ती पोटभर रडली. समीक्षानं तिच्या गळ्यात हात टाकले.

उपकाराची फेड म्हणून आक्काबाईनं लोटन आबांचं पिंप स्वतः घासून दिलं. "डास व्हतस आबा, झाकण ठेवत जा," असा दमही भरला. आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

काही दिवसांनी आईनं तोंड उघडलं. तांदळाएवढी पिल्लं बाहेर आली आणि कुठं गेली असतील, सांगा? माझा गोरा भाऊ शेजारीच होता, तिकडे एकही फिरकलं नाही. सगळी माझ्या काळ्या अंगाला लगडली आणि माझ्यात अडकलेले कण चोच मारल्यासारखे टिपून खाऊ लागली. त्या दिवशी आईनं पहिला दाणा खाल्ला.

मित्रांनो, मला धुवाच, नाहीतर मी तुंबेन. पण पेटीतूनच काढलेल्या पाण्यात, हलक्या हातानं पिळा. इतकं लख्ख करू नका की माझ्यात कुणाला राहताच येणार नाही. काल पुन्हा नळ आला. गल्लीभर घासाघासी चालली होती. आमच्या ओट्यावर मात्र एक बादली झाकून ठेवली होती आणि तिच्यापाशी आक्काबाई राखणीला बसली होती.

"कोनी हात लावू नका," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. "शियं पानी शे. लेकुरवाळीनं शे."