हाज्जा बहियाचा उजवा हात

नरमीनने दाराची घंटा दाबली आणि म्हातारी घरात नसू दे, एवढंच मनातल्या मनात म्हटलं. बाजारात गेलेली असू दे, बहिणीकडे गेलेली असू दे, कुठेही असू दे. मागे प्राध्यापक शुक्री चार जिने चढून धापा टाकत उभे होते. त्यांच्या हातात नरमीनने बनवलेली लाकडी कप्पी होती, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. कॉलेजपासून इथपर्यंत ती त्यांनी स्वतः उचलून आणली होती. विद्यार्थिनीचं काम मनापासून आवडलं की चांगला शिकवणारा माणूस असा हमालही होतो.

"नसतील बहुतेक," ती म्हणाली. "पुन्हा कधीतरी येऊ, सर."

"अगं, थांब की जरा! वय झालेलं माणूस, दारापर्यंत यायला वेळ लागणारच. त्यात बिचारीचा हात असा."

हात असा! नरमीनने खाली बघितलं. त्या हाताची गोष्ट तिने स्वतःच रचली होती, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

पदव्युत्तर वर्गातलं पहिलं काम तसं सोपं होतं. घरातली एक वस्तू निवडायची, ती रोज वापरणारं एक माणूस शोधायचं, काही आठवडे त्या माणसाला नुसतं बघत राहायचं आणि मग त्याची अडचण दूर करील असं काहीतरी बनवायचं. या पहिल्या परीक्षणात जो पडेल त्याने सामान बांधून घरी जायचं, हेही शुक्रींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. नरमीनचं घर दमनहूरला. तिथे तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होती की आमची मुलगी कैरोत डिझाइनचं मोठं शिक्षण घेते. घरी परत जायचं म्हणजे आईला त्या सगळ्यांपुढे तोंड लपवायला लावायचं.

कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या तिच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीसमोर, गल्लीच्या पलीकडे, हज करून आलेल्या म्हाताऱ्या हाज्जा बहियाची बाल्कनी होती. हाज्जा कठड्यावरून दोराला बांधलेली टोपली सोडायची, खाली फतही वाणी तीत सामान ठेवायचा, हाज्जा ती वर ओढून घ्यायची. अर्धी गल्ली असाच बाजार करते, त्यात नवल काही नाही. पण वर्गात टोपली कुणी निवडली नव्हती. नरमीनने हाज्जाला दुकानापाशी गाठून परवानगी मागितली.

"मला बघणार? रोज?" हाज्जाला हसू आवरेना. "नवऱ्याने जन्मात एवढं बघितलं नाही गं मला!" मग एकदम गंभीर होऊन तिने विचारलं, "बाल्कनीत किती वाजता येऊ?"

"तुम्ही एरवी येता तेव्हाच या. माझ्यासाठी मुद्दाम काही करू नका."

"तरीपण, वेळ ठरलेली बरी. शिक्षणाची गोष्ट आहे."

"दहा?"

"दहाला. ठरलं."

नरमीनने दोन दिवस बघितलं, अगदी वही पेन्सिल घेऊन. पण वहीत लिहिणार काय? टोपली खाली जायची, टोपली वर यायची. हाज्जाच्या हातातून दोर असा सुटायचा की टोपली हलायचीसुद्धा नाही. अडचण म्हणून औषधालाही सापडेना, आणि अडचणच नाही तर डिझाइन कशाचं करायचं? तिसऱ्या दिवशी तिला जाग आली ती दुपारी. मग काय, एकदा सुटलेलं सुटतच गेलं. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात फोनकडे जायचा आणि ऊन खिडकीतून निघून गेलं तरी तो फोन हातातच असायचा. संध्याकाळी मित्रमैत्रिणींबरोबर कॅफेत बसून आपापल्या कामाबद्दल तावातावाने बोलायचं, की जणू काम झालंच. अहवालाच्या मुखपृष्ठावर कुठली अक्षरं शोभतील याच्यात तिचे दोन दिवस गेले. अहवाल मात्र कोराच होता.

सादरीकरणाच्या आदल्या दुपारी तिचं धाबं दणाणलं. फोनवर कधीतरी कुठल्याशा देशातला एक म्हातारा दिसला होता, चहाचा पेला धरताना त्याचा हात थरथरायचा. नरमीनने तो हात उचलला आणि हाज्जाला लावला. हाज्जाचा उजवा हात थरथरतो. टोपली झोके खाते. शेजाऱ्यांसमोर लाज वाटते म्हणून ती गल्ली रिकामी होईपर्यंत वाट बघते. असं एकामागून एक सुचत गेलं, तारखांसकट. रातोरात तिने त्या हातासाठी लाकडी कप्पीही बनवली. सादरीकरण झालं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. शुक्रींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "या बाईंना मला भेटायचंय."

आता बंद दाराच्या आत सपाता वाजल्या. कडी निघाली.

हाज्जा बहियाने चांगली निळी ओढणी बांधली होती. नरमीनला बघून तिचा चेहरा असा खुलला की नरमीनला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आलीस होय! बरं झालं. आणि हे तुझे सर? या, या, घर तुमचंच आहे. चहा टाकते."

"चहा नंतर, हाज्जा," शुक्री म्हणाले. "आधी तुमची ती प्रसिद्ध टोपली बघू दे. आमच्या विद्यार्थिनीने तुम्हाला फार त्रास दिला नाही ना? रोज उठून कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघायचं म्हणजे..."

"त्रास कसला?" हाज्जा बाल्कनीकडे चालता चालता म्हणाली. "मी रोज दहाला यायची. काही नको असलं तरी टोपली सोडायची. म्हटलं, पोरीच्या अभ्यासाचा खोळंबा नको. एवढी गुणी मुलगी, कधी आवाज नाही की काही नाही." तिने वळून नरमीनकडे बघितलं. "पडदासुद्धा कधी हलला नाही."

शुक्री कौतुकाने हसले. नरमीनच्या कानशिलांत रक्त चढलं. म्हणजे ती रोज येत होती. या वयात, काही आणायचं नसताना, आपण अंथरुणात पालथं पडून फोन चाळत होतो तेव्हा ही बाई समोर उभी राहून रिकामी टोपली सोडत होती, आणि वर ओढत होती.

शुक्रींनी कागद सोडून कप्पी कठड्यावर ठेवली. "हे बघा, हाज्जा, यातून दोर घातला की हात सुटला तरी टोपली पडत नाही. पण आधी हिच्याशिवाय सोडून दाखवा, नेहमीसारखी. संकोच करू नका. तुमचा उजवा हात थरथरतो ते नरमीनने आम्हाला सांगितलंय. टोपली झोके खाते, मग चारचौघांत कानकोंडं होतं. सगळं अगदी मायेने लिहिलंय तिने."

 हाज्जाने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, आधी वरून, मग तळव्याच्या बाजूने. मग नरमीनकडे बघितलं. नरमीनला नजर उचलवेना.

"माझा हात," हाज्जा सावकाश म्हणाली. "हो. काय करणार, वय झालं."

तिने टोपली उचलून कठड्याबाहेर धरली. आणि तिचा हात थरथरायला लागला.

दोर हिसके खात सुटला. टोपली तिसऱ्या मजल्याच्या गजावर आपटली, दुसऱ्या मजल्यावरच्या ओल्या कपड्यांत अडकली, सुटली आणि गरगरत खाली गेली. दुकानाच्या पायरीवर बसलेले दोघे उठून उभे राहिले. फतही बाहेर आला आणि मान वर करून बघतच राहिला.

"हाज्जा! काय झालं हो हाताला?"

"काही नाही रे. अंडी घाल."

"अंडी? आज राहू देत, मी वर आणून देतो!"

"घाल म्हटलं ना!"

फतहीने अंडी ठेवली. टोपली वर येताना पुन्हा त्याच गजावर आदळली आणि पिवळा बलक दुसऱ्या मजल्यावरच्या पांढऱ्या चादरीवर ओघळला. खालून बाईचा आवाज आला, "अगं बाई! कुणी फोडली अंडी?" आणि मग फतहीचा, हलक्या आवाजात, पण गल्लीत सगळं ऐकू येतं, "गप्प बस. हाज्जा बहिया आहे. इतक्या वर्षांत हिच्या टोपलीतलं अंडं कधी फुटलं नाही."

हाज्जाचा चेहरा लाल झाला होता. तो लाल रंग काही नाटकातला नव्हता.

"सर," नरमीन म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "त्यांचा हात थरथरत नाही. मी खोटं लिहिलंय. मी बघितलंच नाही त्यांना, सगळं मनाचं लिहिलंय."

"पोरीचं काय ऐकता?" हाज्जा म्हणाली. टोपली कठड्यावर होती आणि तिचा हात दोरावर अजून हलतच होता.

शुक्रींनी त्या हाताकडे बघितलं. मग नरमीनला बाल्कनीच्या दाराशी बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला. "समजतं मला. चारचौघांत बाईंची अशी शोभा झालेली तुला बघवत नाहीये. त्यांची लाज राखायला तू स्वतःच्या कामावर पाणी सोडायला निघालीस. हे शिकवून येत नाही, नरमीन. पण अडचण लपवून आपल्याला कुणाची मदत करता येत नाही. लक्षात ठेव."

नुसतं "नाही सर" म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलंही. त्याच वेळी तिला वाटलं की सुटले, सांगूनही झालं आणि काही गेलंही नाही. आणि असं वाटल्याची तिला स्वतःचीच किळस आली. तोंड मिटलं ते मिटलंच. 

मग कठड्याला बसवलेल्या कप्पीतून टोपली अलगद खाली गेली आणि अलगद वर आली. शुक्रींनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या, चहा घेतला, हाज्जाच्या तब्येतीसाठी भरभरून दुआ केली आणि एका चांगल्या डॉक्टरचं नाव सांगून ते निघाले. "तू बस थोडा वेळ त्यांच्याजवळ," ते नरमीनला म्हणाले. "परीक्षणाची काळजी सोड."

दार लागलं. हाज्जा बाल्कनीत दोर गुंडाळत होती, पंजा आणि कोपर यांच्यामधून, झपाझप. हात जराही हलत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं," नरमीन म्हणाली.

"डोळे चांगले आहेत माझे. पडदा दुपारी उघडायचा तुझा."

"मग रोज का येत होता?"

"पहिल्यांदा वाटलं, परगावची पोर, दमली असेल. मग वाटलं, आज उठेल. नंतर मेली सवयच लागली." हाज्जाने दोराची गाठ मारली. "ही ओढणी बांधून यायची रोज. फतही चिडवायचा, हाज्जा, कुणाच्या लग्नाला निघालात?"

नरमीन रडायला लागली, तोंडावर हात धरून, आवाज न करता. हाज्जाने तिला जवळ घेतलं नाही. ती ओलं फडकं घेऊन टोपलीला लागलेला बलक पुसत राहिली.

"मी खाली जाते," नरमीन म्हणाली. "फतही काकांना सगळं सांगते. गल्लीला सांगते. आत्ताच्या आत्ता."

"खबरदार!" हाज्जा इतक्या जोरात ओरडली की नरमीनचं रडणं थांबलं. "काय सांगशील? हज करून आलेल्या बाईने अख्ख्या गल्लीसमोर सोंग केलं? मुद्दाम अंडी फोडली? मग माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवील? तुझं काय, तू वर्षभराने खोली सोडून जाशील. मला इथेच मरायचंय. नको गं बाई! खोटारडीपेक्षा थरथरणारी म्हातारी परवडली."

"मग आता?"

"आता काय? गल्लीने बघितलंय. आता रोज थरथरायचं." ती फडकं घेऊन आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी नरमीन खिडकीत दहाच्या कितीतरी आधी येऊन बसली. पडदा पूर्ण उघडा होता. फतही दुकानाच्या पायरीवर उभा राहून वर बघत ओरडत होता, "हाज्जा, मी आणून देतो वर! तुम्ही नका त्रास घेऊ!" दोन बायका रस्त्यात थांबून हळहळत होत्या.

हाज्जा बाहेर आली. डोक्याला घरातलीच विटकी ओढणी होती. तिने नरमीनच्या खिडकीकडे बघितलं नाही. कप्पीतून दोर ओवला, खाली कोण कोण बघतंय ते एकदा पाहून घेतलं, आणि मग हात हलवायला सुरुवात केली.