बरणीची दही-साखर

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. आमच्या सारसोळ्याच्या खाडीतला काळा गाळ वीज देतो, हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते जाळं विणता विणता हसले. "चिखलातून वीज? काटा हललेला दाव, मंग यमेस्सी कर. नय तर बँकेची परीक्षा दे."

मीही इरेला पेटले. काचेच्या बरणीत गाळ, वर खाडीचं पाणी आणि जुन्या सेलमधल्या कोळशाच्या दोन कांड्या, एक गाळात, एक पाण्यात, आणि दोन्हींना तारांनी जोडलेला काट्याचा मीटर. गाळातले सूक्ष्मजीव खाता खाता वीज सोडतात. पण त्यांचे नखरे फार! साखर दिली की काटा लुळा पडायचा. व्हिनेगरात खाण्याचा सोडा घालून दिलं की ऐटीत वर चढायचा. तेच देत राहिले, आणि कॉलेजच्या प्रदर्शनासाठी बरणी तयार झाली.

आदल्या संध्याकाळी बरणी पोचवायला निघाले, तेव्हा आयने हातावर दही-साखर ठेवली. परीक्षेला निघालेलं माणूस आमच्याकडे त्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा मासेमारी बुडवून आयला घेऊन कॉलेजात आले. काटा शून्यावर! बरणीला आंबूस वास, पाण्यात दह्याच्या गुठळ्या.

"आय, यात काय टाकलंस?"

"दही-साखर. ती पन परीक्षेलाच चाललेली ना?"

मला संताप आला आणि रडूही फुटलं. साखरेवर भलतेच जीव तुटून पडतात, सगळं आंबवतात. पाहुण्यांनी पंगत मारली, घरचे उपाशी! आता मला बँकच दिसू लागली.

डोळे पुसताना एकदम सुचलं. पाहुण्यांनी मागे ठेवलेलं आंबट म्हणजे व्हिनेगराचंच भावंड, तेच तर घरच्यांचं जेवण. फक्त आंबटपणा अति झाला होता. मी चिमूटचिमूट सोडा टाकला.

"आबा, थांबाल?"

"भरती तं गेलीच. बसू."

परीक्षक आले, शून्य बघून गेले. आय अपराध्यासारखी कोपऱ्यात बसून होती. आबा मात्र गळ टाकून बसावं तसे काट्याकडे बघत राहिले. संध्याकाळी काटा थरथरला, मग हळूहळू वर सरकत गेला.

आबा आयकडे वळले. "बरनीला पुन्ना गोड देऊ नको."

आयने मान खाली घातली.

"हिला मात्र देत जा. यमेस्सीचे पेपर लय असतील."