दोन ओळी कमी

वहिनींचा फोन कचेरीत आला तेव्हा मी उद्याच्या चौकटीसाठी एका चक्रम राजाचा किस्सा उतरवत होतो. "भाऊजी, यांनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात. आठवडा झाला. काल मोजून आले, डॉक्टर म्हणाले, कधीही काहीही होऊ शकतं. विचारलं तर तुमच्या पेपरातलं कात्रण दाखवतात. कुठला तरी सेनापती म्हणे."

तो सेनापती मी चांगलाच ओळखत होतो.

गेली सव्वीस वर्षं मी आमच्या दैनिकात 'इतिहासातले बोल' ही चौकट लिहितो. रोज अकरा ओळी. दहा चालत नाहीत, बारा बसत नाहीत. हे मला दादानंच शिकवलं. तो याच दैनिकाच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचा, नोकरीही मला त्यानंच लावून दिली. "चौकट बोडकी दिसली तर मालक आधी मला झाडतो," असं म्हणून तो मजकूर माझ्या टेबलावर आपटायचा. मग मी पुरवणी जोडायचो. कुणाला एखादा घोडा द्यायचा, कुणाला शेवटी हसवायचं. कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं. थापा मारणाऱ्याला असंच वाटत असतं.

सेनापतीचंही तेच झालं. आजारी पडलेल्या त्या म्हाताऱ्यानं राजवैद्याला विचारलं होतं, "रणात माझं ऐकणारं शरीर अंथरुणात तुझं का ऐकेल?" बोल झकास होता, पण भरल्या नऊच ओळी. जुन्या पुस्तकात तो आठव्या दिवशी मेला होता. पण सकाळी सकाळी चहाबरोबर मरण कोण वाचणार? मी लिहिलं, 'असं म्हणून त्यानं सगळी औषधं खिडकीबाहेर फेकली आणि पुढे तो वीस वर्षं ठणठणीत जगला.' अकरा ओळी झाल्या आणि मी निर्धास्त घरी गेलो.

दुपारी दादाकडे गेलो. चेहरा लालबुंद, पण ऐट सेनापतीचीच.

"वहिनीनं पाठवलं ना तुला?"

"दादा, तो वीस वर्षं जगला नाही. ते मी घातलं."

"गोळ्या घ्याव्यात म्हणून सांगतोयस. लहानपणापासून तू लबाड. पेपरात तीनदा तपासल्याशिवाय काही छापत नाहीत. मला शिकवू नकोस, जन्म गेला माझा त्यात."

तीनदा तपासायचे, हे खरंच होतं. पण तपासायची ती अक्षरं. वेलांटी चुकली तर दादा अख्खं पान थांबवायचा, सेनापती जगला की मेला हे कुणीच बघत नव्हतं. हे त्याला कसं पटवावं मला कळेना. शेवटी तोंडातून निघून गेलं, "दादा, दोन ओळी कमी पडत होत्या."

चष्मा लावून त्यानं कात्रणावर बोट फिरवलं. नवव्या ओळीवर बोट थांबलं. माझं वाक्य त्याला कळलं नसतं तरच नवल. त्याचा चेहरा असा पडला की मला माझीच लाज वाटली.

वहिनी पाणी आणि गोळी घेऊन आल्या. दादानं गोळी हातात घेतली, पण तोंडात टाकली नाही. पाकीट काढून त्यानं आतून एक पिवळा पडलेला तुकडा बाहेर काढला.

"हे मी स्वतः जुळवलं होतं. छकुली जायच्या महिनाभर आधी. हेही तसलंच का?"

छकुली त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची होती, तापानं गेली. दादा तिसऱ्या दिवशी कामावर हजर झाला होता. वहिनी घरात एकट्या होत्या. दगडाच्या काळजाचा माणूस, असं सगळे म्हणाले. वहिनी काहीच म्हणाल्या नाहीत, आजतागायत.

तुकड्यात एक राणी होती. तिचं मूल गेलं आणि तिसऱ्या दिवशी तिनं दरबार भरवला. 'लोकांची दुःखं माझ्यासाठी थांबलेली नाहीत,' असं ती म्हणाली होती.

राणी खरी होती, मूल गेलं तेही खरं. पुस्तकात त्यानंतर ती दरबारात कधीच आली नाही. दार लावून बसली, ती मरेपर्यंत. ते सात ओळींतच संपलं होतं.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. दादाही बघत होता. गोळी त्याच्या तळहातावर तशीच होती.

"ही खरी आहे," मी म्हणालो. "शब्द न् शब्द."

दादानं गोळी तोंडात टाकली, ग्लासभर पाणी प्यायला आणि मोठा श्वास सोडला. मग इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तो त्या विषयावर वहिनींशी बोलला.

"बघ," तो म्हणाला, "तेव्हा मी कामावर गेलो ते काही चुकलं नव्हतं."