टकलावरचं तेल

आत्मा अमर आहे, याबद्दल त्या गल्लीत दुमत नव्हतं. मात्र त्याला वीज लागते, हे सगळ्यांना त्या थंडीतच कळलं.

बैठकीच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं खेटून बसली होती. समोर शेगडी. भुशाच्या गोळ्या जाळायच्या आणि आतल्या पंख्याने गरम हवा खोलीत सोडायची, एवढंच तिचं काम. वर्षाच्या सुरुवातीला घरचे आजोबा गेले, आणि यंदा पहिल्यांदा पेटवली तर ती कण्हायलाच लागली. हूंऽऽऽ! हवेचा पत्ता नाही.

"तेच आहेत!" शांतीसाठी बोलावलेले महाराज गरजले. "कण्हणं ओळखा. वास घ्या, जळतोय भुसा आणि दरवळतोय मोगरा! आणि ही त्यांची खुर्ची. एक पाय आखूड, तरी डुगडुगत नाही. का? वर वजन कुणाचं आहे?"

खुर्चीशेजारचे तिघे घाईघाईने सरकले.

महाराजांनी मंत्र सुरू केला. एकशे आठावं आवर्तन संपलं आणि शेगडी खटकन विझली. गर्दीने हात जोडले.

"आजचं निभावलं. कायमची शांती हवी तर आजींनी चाळीस दिवस मागच्या खोलीत राहायचं. शेगडीविना. शेवटच्या दिवशी त्यांना टाकून बोलल्या ना?"

आजींना खोकल्याची उबळ आली. "बोलले खरी," त्या पुटपुटल्या. "टकलावर महिन्याला बाटलीभर तेल कशाला लागतं, असं मी म्हणाले. तेच शेवटचं बोलणं." आणि त्या अंथरूण गोळा करायला उठल्या.

ते बघून सुनेचं डोकं फिरलं. ती कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्त करायची. कण्हणाऱ्या मोटारी तिला रोज भेटत.

"आई, अंथरूण ठेवा खाली. महाराज, शेगडी निवली की पुढचा मंत्र मी म्हणते."

"उच्चार चुकला तर भडका उडेल, बाई!"

"उडू दे. गारठलोच आहोत."

शेगडी पुन्हा पेटली, पुन्हा कण्हली. सुनेने धोब्याची यादी काढली आणि गंभीर सुरात वाचायला घेतली. "चादरी चार. अभ्रे सहा. ह्यांचा पायजमा, नाडीशिवाय, एक..." यादी तिसऱ्यांदा वाचताना, बरोबर नवव्या मिनिटाला, खटकन!

"पायजम्याने शांत झाले," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"पंखा अडकलाय," सून म्हणाली. "मोटार ढकलते, पातं हलत नाही, म्हणून हूंऽऽ. उष्णता आत कोंडते आणि सुरक्षेचा खटका शेगडी बंद करतो. नऊ मिनिटांत. परवा महाराज इथे शेगडी पेटवून, घड्याळ समोर ठेवून तासभर ध्यान करत होते. मंत्र मापाने बेतला!"

तिने प्लग काढला, शेगडी पुरती गार होऊ दिली, मागचा पत्रा उघडला. चार स्क्रू, दोन वायरी. पंखा हातात आला. बोटाने ढकलला तर ढिम्म. दांड्याभोवती तपकिरी चिकट राप, त्यात कित्येक वर्षांची धूळ. तिने नाकाजवळ नेला आणि सासूबाईंपुढे धरला.

मोगरा.

"अगंबाई! माझं तेल!"

"बाबा पंख्याला पाजत होते, आई. तुमच्या खोकल्यापायी. खोली उबदार राहावी म्हणून."

सासूबाईंनी पंखा हातात घेतला, पुन्हा हुंगला. मग डोळे पुसून कडाडल्या, "सांगायला तोंड नव्हतं? आणि डोक्याचं तेल मशीनला घालतात होय?" त्यांनी अंथरूण उचललं आणि शेगडीसमोर आणून आपटलं.

दोन दिवसांनी नवा पंखा आला. त्याच भोकांत स्क्रू, त्याच जागी वायरी. फुर्रकन गरम हवा सुटली. पुन्हा जमलेल्या गल्लीला सून एवढंच म्हणाली, "आवाज आला की आधी झाकण उघडून बघत जा. मेलेल्याला बोलावण्यापेक्षा चार स्क्रू काढणं सोपं असतं. आणि त्यापायी कुणा म्हातारीला थंडीत निजावं लागत नाही."

"आणि खुर्ची?" महाराजांनी दारातून शेवटचा बाण सोडला. "ती का डुगडुगत नाही?"

सुनेने खुर्ची उचलली. आखूड पायाखाली घडी केलेली, दबून पापड झालेली शेगडीची माहितीपुस्तिका होती. पान एकोणीस, जाड अक्षरांत: या पंख्याला तेल घालू नये.