पहिली नोट मुक्कामाला राहत नाही

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गल्ला आहे, आणि मला कुलूप नाही. कधीच नव्हतं. एकदा लावायचा प्रयत्न झाला होता. त्यात खिळे वाकले, मी नाही वाकलो.

नागपुरात मेडिकल चौकाच्या बाजूला तर्री-पोह्यांचा एक ठेला लागतो. तिथे तर्रीच्या गंजाशेजारी, म्हणजे मोठ्या पातेल्याशेजारी, माझी जागा. तेलाच्या हातांनी माझं अंग लालसर झालं आहे. एका कोपऱ्यावर दोन इवल्याशा दातांच्या खुणा आहेत. त्या ठेलेवालीच्या लेकीच्या, मयुराच्या. दात येत होते तेव्हा आईच्या कडेवरून वाकून ती मला चावायची. आता ती शाळेत जाते. पण त्या खुणा घासून काढायला कुणी आलंच, तर मी त्याच्या बोटात कुसळ भरल्याशिवाय राहणार नाही!

माझा जन्म लाकूड कापायच्या आरा मशीनवरच्या सागवानातला. देवाजी तिथे लाकडं वाहायचे. कापून उरलेले तुकडे मालकाला विचारून त्यांनी घरी आणले आणि बायकोच्या ठेल्यासाठी मला घडवलं. बिजागरी नव्हती म्हणून जुन्या चपलेचा चामडी पट्टा ठोकला.

"कडी-कुलूप नाही लावत का गा, देवाजी?" शेजाऱ्यानं विचारलं.

"कुलूप लावलं का किल्ली सांभाळा लागते," देवाजी हसले. "पैसे सांभाळू का किल्ली सांभाळू?"

त्यांची बायको सुभद्राबाई. तिनं मला जी रीत लावली, ती दुसऱ्या कुठल्या गल्ल्यानं पाहिली नसेल. बाजारात बोहनीला केवढा मान असतो, तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसाची पहिली कमाई कपाळाला लावतात, गल्ल्याच्या तळाशी जपून ठेवतात. बोहनी होईपर्यंत कुणाला उधार तर सोडाच, सुट्टे पैसेही देत नाहीत. सुभद्राबाईनं सगळं उलटं केलं. पहिली नोट ती एका बाजूला ठेवायची आणि ठेला बंद व्हायच्या आत कुणाला तरी देऊन टाकायची.

समोरच्या फुटपाथवर दवाखान्यात भरती असलेल्यांचे नातेवाईक बसलेले असत. कुणी रामटेककडचे, कुणी खाप्याचे. पिशवीत चादर, डोळ्यांत जागरण. कुणाकडे परतीचं भाडं नसे, कुणाची औषधं अर्धीच आणून झालेली असत. त्यांच्यातल्या एकाच्या हातात ती नोट जायची.

बाजूला कामिनीचा चहाचा ठेला. ती कपाळावर हात मारायची. "बोहनीच वाटून राहिली ही बाई! पाह्यजो, एक दिवस दिवाळं निघते तुझं."

एकदा लग्नाच्या वरातीतून आलेल्या पोरांनी पहिल्याच प्लेटीला पाचशेची नोट काढली. सुभद्राबाईनं कमरेच्या बटव्यातून त्यांना सुट्टे दिले आणि नोट बाजूला ठेवली. कामिनी धावत आली. "आज तरी शहाणी हो वं! त्यातले पन्नास दे, बाकी ठेव."

"पहिली नोट म्हणजे पहिली नोट," सुभद्राबाई म्हणाली. "तिचं तोंड पाहून सोयरीक करायची आहे का मले?"

पाचशेची नोट गेली. मी आतून ओरडलो होतो, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी ठेला बंद करताना सुभद्राबाईनं माझं झाकण लावलं ते एखाद्या सावकारिणीच्या ऐटीत. मी अर्धा रिकामा, आणि ती काठोकाठ भरलेली.

नंदिनी या घरची सून. लग्न होऊन आली तेव्हा तिलाही हे पटेना. एक दिवस पोहे भिजवता भिजवता तिनं विचारलंच, "आई, हे काहून करता तुम्ही?"

सुभद्राबाईनं हातातली परात खाली ठेवली. मग म्हणाली, "लहानपणापासून लोकांनीच मले देल्लं वं. कोणाचं जुनं लुगडं, कोणाचं उरलंसुरलं अन्न. दुरून देल्लं, वरून टाकलं. घेता घेता मान खाली गेली. पहिली नोट देल्ली, तवा ती मान वर आली. आता ते सुख मी काहून सोडू?"

नंदिनीनं पुन्हा कधी विचारलं नाही. सासू गेल्यावर ठेला तिच्याकडे आला, मीही आलो, आणि ती रीतसुद्धा.

तिचा नवरा संघपाल खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहे. माणूस वाईट नाही हो. उन्हात नंदिनीचे पाय सुजतात हे त्यालाच आधी दिसलं. तिला सावलीत बसता यावं म्हणून पक्कं दुकान घ्यायचं त्यानं मनावर घेतलं. पण मनावर घेतलं की माणूस आधी गल्ल्याकडे वळतो. त्यानं कडी आणली, कुलूप आणलं. माझं सागवान जुनं आणि हट्टी. खिळे वाकले. मग त्यानं दुसरा उपाय काढला. ठेल्यावर ते चौकटीचौकटीचं चित्र चिकटवलं, फोन दाखवला की पैसे थेट त्याच्या खात्यात. शेजारी एक बोलका डबा ठेवला. गिऱ्हाईक गेलं की डबा गोड आवाजात सांगायचा, "रुपये प्राप्त झाले."

आणि मी? मी घरी. माझ्यात लसूण भरला गेला. लसणावर माझा राग नाही, तो बिचारा गरीब. पण ज्या पोटातून रोज कुणाचं तरी परतीचं भाडं निघालं, त्या पोटात आता लसणाची टरफलं! दिवस दिवस माझं झाकणही उघडत नव्हतं.

मग एका संध्याकाळी नंदिनी घरी आली आणि तिनं रिकामा गंज दाणकन खाली ठेवला. संघपाल मयुराचा अभ्यास घेत होता.

"आज खाप्याची एक बाई आली होती, प्रेमलता नावाची," ती म्हणाली. "नवरा दवाखान्यात, लेकरू घरी शेजाऱ्याच्या भरवशावर. तिले बसचं भाडं पाहिजे होतं. सकाळपासून एवढे पोहे विकले, पण हातात एक नोट नाही. सारे फोनवाले. मंग कामिनीले सांगा लागलं."

"देल्लं का तिनं?"

"देल्लं ना! जे मले हसते, तिनं देल्लं. आणि मंग दिवसभर अशी खुशीत, का चहात साखर दोनदा टाकून राहिली होती. माझं सुख ते घेऊन गेली!"

संघपालला हसू आलं. "चला, त्या खुळातून आपले पैसे तर वाचले."

नंदिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुमचा डबा दिवसभर 'प्राप्त झाले, प्राप्त झाले' करते. मले काय प्राप्त झालं, सांगा बरं?"

तो मयुराच्या वहीत पाहू लागला. तिनं मला उचललं, लसूण परातीत उपडा केला, तेलाच्या फडक्यानं मला आतून-बाहेरून पुसलं. किती दिवसांनी तो हात लागला, मित्रांनो!

"उद्यापासून गल्ला ठेल्यावर. डबाबी राहू द्या. पण पहिलं गिऱ्हाईक नगदी."

"आणि दुकान?"

"दुकान झालं तर त्यातबी हाच गल्ला, बिनकुलुपाचा. उद्या तुमची सुट्टी आहे ना? या ठेल्यावर. पहिली नोट तुम्ही द्या. मंग म्हणा खूळ."

सकाळी संघपाल आला, तोंड वाकडं करूनच. पहिलं गिऱ्हाईक ऑटोवाला होता, त्यानं पन्नासची नोट दिली. संघपाल ती घेऊन फुटपाथवर गेला. तिथे रामटेककडचे मधुकरराव बसले होते. धोतर-टोपीतले, ताठ कण्याचे शेतकरी. नातू दवाखान्यात होता.

"मी भिकारी नाही, बाबू," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

संघपाल नोट धरून तसाच उभा. मागे वळून त्यानं नंदिनीकडे पाहिलं. ती काही सांगायला आली नाही, कांदा चिरत राहिली. मग तो खाली, त्यांच्या शेजारी फुटपाथवर बसला.

"काका, भीक नाही ही. आमच्या घरची बोहनी अशीच होते. तुम्ही घेतली नाही, तर आज आमचा धंदाच सुरू होत नाही."

मधुकररावांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. नोट घेतली, खिशात ठेवली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. किती तरी वेळ ठेवला.

संघपाल परत आला. बोलका डबा बोलतच होता. त्यानं फोन काढून पाहिलादेखील नाही. प्लेटा धुतल्या, गिऱ्हाइकांना "अजून तर्री घ्या गा" म्हणाला, आणि जरा वेळानं हळूच नंदिनीला विचारलं, "उद्याबी सुट्टी काढू का वं?"

"कामिनी!" नंदिनीनं हाक मारली. "आमच्या घरचा आणखी एक बिघडला!"

मित्रांनो, आमचं दुकान अजून झालेलं नाही. ठेला उन्हातच उभा आहे. संघपालनं नंदिनीसाठी वर मोठी छत्री बांधली आहे, आणि बोहनीच्या वेळी तोच माझ्या शेजारी उभा असतो, कधी कामावर जायच्या आधी, कधी सुट्टीच्या दिवशी. कुणी म्हणेल, वेडे लोक. म्हणू द्या! पैसे साठवून श्रीमंत झालेले गल्ले मी पुष्कळ पाहिले. त्यांचे मालक किल्ली शोधताना पाहिले.

म्हाताऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला तेल लावू नका, मला झाकायला फडकं शोधू नका. तुमच्या घरी गुल्लक असेल, डबा असेल, आईचा बटवा असेल. त्यात हात घाला, आणि त्यातलं थोडं बाहेर काढून दुसऱ्याच्या हातावर ठेवा. वरून टाकू नका. शेजारी बसून द्या.

मला जपायचंच असेल, तर एवढंच करा. मला उघडत राहा.