परातीतली कावीळ

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात सकाळपासून पिवळ्या डोळ्यांच्या माणसांची रांग लागली होती. समोर, विकल्या न गेलेल्या सोफ्यावर, परातबाबा मांडी ठोकून बसले होते. रोग्याच्या तळव्यांवर ते भुकटी चोळत, डोळे मिटून पुटपुटत आणि लोटीतल्या नितळ पाण्याने त्याचे हात धुवत. परातीत पडेपर्यंत ते पाणी पिवळंजर्द होई.

"निघाली बघा कावीळ," बाबा म्हणत. "मी नुसती नोटीस देतो, रोग आपणहून जागा खाली करतो."

रांगेत माझा दादाही होता. डॉक्टरांनी ताबडतोब दाखल व्हायला सांगितलं होतं, पण त्याने परात निवडली. पाणी पिवळं निघत होतं आणि डोळे त्याहून पिवळे होत होते. शेवटी तो बोलताबोलता पेंगू लागला, तेव्हा वहिनीने घाबरून ताईला बोलावलं.

ताई आमची थोरली बहीण. यकृत सुजवणारा विषाणू आणि त्याच्याशी झुंजणारं शरीर यांच्या संशोधनात तिचं अर्धं आयुष्य गेलं. घरात मात्र तिची ओळख 'उंदरांना सुया टोचते ती' एवढीच.

दादाला बघताच तिचा चेहरा उतरला. "अरे, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात चल."

"ताई, तू तुझे उंदीर बघ," दादा जड जिभेने म्हणाला.

"बरं. मला तर कावीळ नाही ना? मग माझं पाणी स्वच्छ निघायला हवं. पिवळं निघालं तर येशील?"

दादाने मान डोलावली. ताई पर्स घेऊन कोपऱ्यातल्या मोरीवर जाऊन आली आणि लोकांची परवानगी घेऊन पुढे बसली. बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या.

बाबांनी तिचे तळवे चोळले आणि कपाळाला आठी घातली. "कातडी बुळबुळीत लागतेय. आजार फार आत मुरलाय, बाई."

"कुठवर?"

"पार हाडांत."

पाणी ओतलं. परातीत पिवळाधमक ओघळ उतरला. लोक हळहळले.

"हे माझ्या अंगातूनच निघालं ना?" ताईने नम्रपणे विचारलं.

"रोमरोमातून."

ताईने मनगटाशी चिमटीत धरून ओढलं. कातडीच्या रंगाचे रबरी मोजे निघाले. आतले हात कोरडे ठणठणीत.

"म्हणजे कावीळ या मोज्यांना झालीय. दाखल करू, की घरीच पथ्य पाळतील?"

आधी वहिनी हसली, मग सगळी रांग. ताईने चिमूटभर भुकटी सोफ्याच्या हातावर टाकून वर लोटी कलंडवली. सोफाही पिवळा झाला.

"झाडाच्या सालीची भुकटी आणि चुन्याची निवळी," ती म्हणाली. "दोन्ही एकत्र आल्या की रंग येतो. रोगाचा काही संबंध नाही."

"श्रद्धा नसली की असंच होतं," असं पुटपुटत बाबा मागच्या दाराकडे सरकले.

एक बाई अडखळत म्हणाली, "पण माझा मुलगा इथेच बरा झाला."

"तो त्याच्या शरीराने बरा केला," ताई म्हणाली. "या विषाणूला बहुतेकांचं शरीर स्वतःच हरवतं. बाबा तेवढ्यात हात धुऊन श्रेय घेतात. पण काहींचं शरीर हरतं. त्यांना डॉक्टर लागतात, आणि वेळेत लागतात."

तोवर आम्ही दादाला रिक्षात बसवलं होतं. तो वाचला, पण अगदी काठावरून. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

म्हणून विनंती एवढीच. कुणी तुमचा रोग काढून दाखवला, तर आधी धडधाकट माणसाला पुढे बसवा. त्याच्यातूनही तोच रोग निघाला, तर चपला घाला आणि दवाखान्याची वाट धरा.